बारा नंबरचे नाव

एका जिल्ह्याच्या गावी एक जुने धर्मादाय रुग्णालय होते आणि त्या रुग्णालयात एकदा एक नवी मेट्रन नेमली गेली. मेट्रन म्हणजे सगळ्या परिचारिकांची प्रमुख. ती मनाने मायाळू होती आणि कामात चोख होती. हे दोन गुण एका माणसात आले की त्याचे भले होईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या माणसाची झोप उडते.

दृष्टांतकथेतल्या माणसांना नावे नसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. एक गुरू असतो, एक शिष्य असतो, कधी एखादा व्यापारी येऊन जातो. मीही ती रीत पाळणार आहे. मेट्रनला मेट्रनच म्हणेन आणि ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्यांना थोरल्या बाई म्हणेन, कारण सगळे गाव त्यांना तेच म्हणत असे. फक्त दोन म्हाताऱ्यांची नावे मात्र मला सांगावीच लागतील. का, ते पुढे कळेल. आत्ताच विचारून माझी गोष्ट अर्ध्यावर तोडू नका.

त्या रुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात एक जुनी वहिवाट होती. रुग्णाला त्याच्या खाटेच्या नंबराने ओळखायचे. 'सात नंबरची पट्टी बदला', 'नऊ नंबर जेवली नाही', 'चौदा नंबर फार रडतेय, जरा बघा.' यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नव्हता. माणसे येत होती, बरी होऊन जात होती, नवी येत होती. इतकी नावे कुणाच्या जिभेवर टिकणार? नंबर मात्र खाटेवर रंगवलेला होता आणि तो कुठे जात नव्हता.

आता त्या दोन म्हाताऱ्या. बारा नंबरच्या खाटेवर कौसल्याबाई लोणकर होत्या. त्यांना मधुमेह होता, पायाची जखम भरत नव्हती आणि दुपारच्या जेवणाआधी त्यांना इन्सुलिनचे इंजेक्शन असे. शेजारी तेरा नंबरवर अंजिराबाई तांदळे होत्या. त्यांच्या छातीत कफ झाला होता आणि आवाज मात्र खणखणीत होता. बारा नंबरची खाट खिडकीशी होती. त्या खिडकीतून रुग्णालयाचे फाटक दिसे. एके दिवशी अंजिराबाईंची लेक सासरहून भेटायला यायची होती, म्हणून त्या सकाळपासून मान उंचावून फाटक शोधत होत्या. कौसल्याबाईंना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "तुम्ही या हो इकडे. मला तरी कोण यायचंय आज?" दोघींनी आपापली उशी, तांब्या आणि डबा उचलला आणि मजेत खाटा बदलल्या. केसपेपर तेवढे खाटांच्या पायथ्याशी होते तिथेच लटकत राहिले.

दुपारी एक तरुण परिचारिका इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. ती नवी होती, पण कामात आळशी नव्हती. तिने केसपेपर वाचला, औषध पाहिले, मात्रा पुन्हा तपासली. सगळे बरोबर होते. मग 'बारा नंबर, हात द्या' म्हणून तिने अंजिराबाईंना इन्सुलिन टोचले. अंजिराबाईंचे डोळे फाटकाकडे होते. त्यांनी हात पुढे केला आणि काही विचारले नाही. रुग्णालयात कुणी काही विचारत नसते.

थोड्या वेळाने शेजारून कौसल्याबाई म्हणाल्या, "अगं पोरी, माझं इंजेक्शन राहिलं ना आज?"

त्या मुलीच्या पायाखालची जमीन सरकली. तिने वळून पाहिले तर अंजिराबाई घामाने निथळत होत्या, हात थरथरत होते आणि बोलणे जड झाले होते. मुलीने धावत जाऊन त्यांना साखरपाणी पाजले, रक्तातली साखर तपासली, वॉर्डाच्या डॉक्टरांना बोलावून 'शुगर खाली गेलीय' म्हणून सांगितले आणि ग्लुकोजची बाटली लावून घेतली. शुगर का खाली गेली ते तिने सांगितले नाही. म्हातारी उपाशी असेल असे समजून डॉक्टरांनीही विचारले नाही. संध्याकाळपर्यंत अंजिराबाई सावरल्या. मुलीने दोघींचे केसपेपर योग्य खाटांना अडकवले, कौसल्याबाईंना त्यांचे इंजेक्शन दिले आणि मग मेट्रनच्या खोलीत येऊन ती ढसाढसा रडली. सगळे तिने स्वतःहून सांगितले. कुणी पाहिले नव्हते, कुणी पकडले नव्हते.

मेट्रनपुढे पेच पडला. नियम स्पष्ट होता: असे काही घडले की रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांना कळवायचे. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. ते निष्णात होते, प्रामाणिक होते आणि रागीट होते. मागे एका परिचारिकेने चुकीची बाटली लावली, तर त्यांनी तिला उभ्या उभ्या घरी पाठवले होते. तेव्हापासून त्या रुग्णालयातल्या चुका थांबल्या होत्या, म्हणजे निदान कानावर येणे थांबले होते. कळवावे तर या मुलीचे आयुष्य उद्या सकाळच्या राउंडला संपणार. शिवाय खरे सांगितल्याची ही बक्षिसी पाहून पुढे कोणती परिचारिका तोंड उघडणार? न कळवावे तर आपण खोट्याच्या भागीदार. मेट्रनचे मन म्हणत होते, पोरीला पदराखाली घे. तिचे शिक्षण म्हणत होते, नियम तो नियम. आणि दोन्ही आवाज तिला तितकेच खरे वाटत होते.

दिवेलागणीला ती थोरल्या बाईंकडे गेली. थोरल्या बाईंनी हयातभर त्याच रुग्णालयात परिचारिकांना शिकवले होते. निवृत्त झाल्यावर त्या मागच्या फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहत, गवती चहा लावत आणि आल्या-गेल्याला तो पाजत. मेट्रनने सगळे सांगितले. थोरल्या बाईंनी ऐकून घेतले, कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाल्या, "उद्या राउंडच्या आधी येते मी. वॉर्डाशेजारची छोटी खोली रिकामी आहे ना? त्या पोरीलाही बोलावून ठेव."

"पण बाई, मी करू काय?"

"आत्ता जेव आणि झोप."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या बाई आल्या. स्वच्छ पांढरी साडी, हातात काठी. मेट्रनने खुर्ची पुढे केली. थोरल्या बाईंनी खुर्चीकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी चपला काढल्या, चष्मा काढून उशीखाली ठेवला, त्या खोलीतल्या रिकाम्या खाटेवर सरळ आडव्या झाल्या आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"बाई, बरं वाटत नाहीये का?" मेट्रन घाबरली.

"मला काही झालेलं नाही. मी पेशंट आहे. तुम्ही दोघी माझ्या पायाशी उभ्या राहा आणि काय ते ठरवा. माझ्याकडे बघायचं कारण नाही."

मेट्रन आणि ती मुलगी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. म्हातारपणाने बाईंचे काही बिनसले की काय, असेही मेट्रनच्या मनात येऊन गेले. पण गुरूची आज्ञा मोडायची सवय नव्हती. ती बोलू लागली. मुलगी म्हणाली, "मॅडम, मला काढलं तर मी घरी काय तोंड दाखवू?" मेट्रन म्हणाली, "मी तुला असं वाऱ्यावर सोडणार नाही. पण मी लपवलं, तर उद्या या खुर्चीत बसायची माझी लायकी काय?" मुलगी म्हणाली, "माझ्यामुळे तुमच्यावर ठपका नको." मेट्रन म्हणाली, "ठपक्याचं नाही गं, माझ्या मनाला काय उत्तर देऊ?" बोलणे वाढत गेले. खाटेवरून मध्येच आवाज आला, "सिस्टर, जरा पाणी देता का?" मेट्रन न वळताच म्हणाली, "हो हो, देते हं आजी," आणि पुढे बोलत राहिली. पुन्हा आवाज आला. मुलीने मान डोलावली आणि डोळे पुसत मॅडमचे ऐकत राहिली.

अखेरीस थोरल्या बाई उठून बसल्या. पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतःच घेतला, घोटभर प्यायल्या आणि चष्मा लावला. मेट्रनच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आपण आपल्या गुरूला 'देते हं आजी' म्हणालो, हे तिला आत्ता ऐकू आले.

थोरल्या बाई म्हणाल्या, "इथून सगळं ऐकू येतं गं. आढ्याकडे बघत नुसतं ऐकायचं, दुसरं काम नसतं. तुमच्या बोलण्यात ही पोर होती, तू होतीस, मोठे डॉक्टर होते, तुझी खुर्ची होती, तुझं मन होतं. जिला सुई टोचली ती बाई एकदाही आली नाही. तू आपल्या दयेला विचारलंस, तिनं तू किती मायाळू ते सांगितलं. नियमाला विचारलंस, त्यानं तू किती कडक ते सांगितलं. दोघांनीही तुझ्याबद्दलच उत्तर दिलं. घरून आणलेली माया आणि इथे शिकलेला धर्म, यांचं भांडण उभ्या माणसालाच दिसतं. इथे आडवी पडून बघ. इथून दोघांचं काम एकच दिसतं. या बाईला आत्ता काय कळायला हवं, आणि उद्या या खाटेवर येणारीच्या बाबतीत काय होता कामा नये, एवढंच."

"आणि ही पोर?" मेट्रनने हळूच विचारले.

"तिला वाचवूही नकोस आणि बुडवूही नकोस. तिच्या शेजारी उभी राहा. मेट्रन त्यासाठी नेमतात." एवढे बोलून त्यांनी चपला शोधायला पाय खाली सोडले.

मेट्रन त्या मुलीला घेऊन थेट वॉर्डात गेली. अंजिराबाई खिडकीशी बसल्या होत्या. लेक काल आली नव्हती, आज येणार होती, म्हणून खाट त्यांच्याकडेच होती. मेट्रनने स्टूल ओढले, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की काल तुम्हाला दुसरीचे इंजेक्शन दिले गेले, त्यामुळे तुमची साखर घसरली, धोका होता, तो आता टळला आहे. "चूक आमची झाली. तुम्हाला कालच सांगायला हवं होतं. मी माफी मागते." मुलगी हात जोडून उभी होती.

अंजिराबाई भडकल्या. "म्हंजी मी मेले आसते तर?"

"हो," मेट्रन म्हणाली. "तसंही होऊ शकलं असतं."

मेट्रनने 'तसं काही नसतं हो' म्हटले नाही, याचे अंजिराबाईंना नवल वाटले असावे. त्या तिच्याकडे निरखून पाहत राहिल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "बाई, खरं सांगू? म्या काल समजले, माजी येळ आली. आंग गार पडलं, डोळ्यापुढं अंदार. म्हनलं, लेक यायच्या आदीच चालले मी. कुनाला बोलले न्हाई. आज ती आली की तिला गळ्यातली पोत काढून देनार हुते." त्यांनी गळ्याशी हात नेला. "म्हंजी मला नवा रोग न्हाई? कालचं ते सुईचंच हुतं?"

"सुईचंच होतं. तुम्हाला नवीन काही झालेलं नाही. छातीचा कफही उतरतोय."

अंजिराबाईंनी डोळ्याला पदर लावला. मेट्रनलाही भरून आले. दयेने ती चूक लपवली असती, तर ही म्हातारी घरी जाऊन मरणाची वाट बघत बसली असती आणि त्या दयेला हे कधी कळलेही नसते. हे तिला स्टुलावर बसल्या बसल्या लख्ख दिसले.

तेवढ्यात अंजिराबाई त्या मुलीकडे वळल्या. "खाट आमीच बदलली, त्ये खरं. पन काय गं पोरी, माजं नाव काय?"

मुलीच्या ओठांवर 'बारा नंबर' आले आणि तिथेच अडले. तिने खाली मान घातली. अंजिराबाईंनी मेट्रनकडे पाहिले. मेट्रननेही खाली मान घातली.

बाहेर बुटांचा आवाज आला. मोठे डॉक्टर राउंडला आले होते. मागे वॉर्डाचे डॉक्टर, शिकाऊ मुले आणि सगळ्या परिचारिका. मेट्रन उठली. ती वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"सर, राउंड सुरू करण्याआधी एक विचारू? बाराव्या खाटेवर कोण आहे?"

मोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "हा काय प्रश्न झाला? डायबेटीसची पेशंट. पायाची जखम."

खिडकीशी दणदणीत खोकल्याची उबळ आली. "न्हाई वो डागदर," अंजिराबाई छाती दाबत म्हणाल्या, "मी खोकल्याची. पायवाली ती बघा तिकडं."

तेरा नंबरवरून कौसल्याबाईंनी आपला पट्टी बांधलेला पाय चादरीबाहेर काढून दाखवला.

मग मेट्रनने सगळे सांगितले. शब्द वाढवले नाहीत, गाळलेही नाहीत. "चूक या मुलीच्या हातून झाली. डॉक्टरांपासून तिने कारण लपवले, ही तिची दुसरी चूक. पण संध्याकाळी ती स्वतः येऊन बोलली. काल तुम्हाला कळवायला हवे होते, ते मी कळवले नाही, ही माझी चूक. आणि सर, नंबर वाचून माणूस ओळखण्याची चूक आपण सगळेच रोज करतो. काल ती एकीला भोवली, एवढाच फरक. शिक्षा द्यायची तर मला आधी द्या. पण हिला हाकलून तो नंबर खाटेवर तसाच ठेवलात, तर पुढची सुई कुणाला टोचली जाईल ते मी सांगू शकत नाही."

मोठे डॉक्टर लालबुंद झाले. त्यांच्या तोंडून 'आजच्या आज' एवढे शब्द बाहेरही पडले. मग त्यांचे लक्ष त्या उघड्या पायाकडे गेले. ती जखम ते रोज तपासत होते. त्या पायाच्या मालकिणीचे नाव त्यांना आठवेना.

"डागदर," अंजिराबाई म्हणाल्या, "पोरीला काढू नगा. दुसरी आनाल, ती मला बारा नंबरच म्हनंल. ही आता माजं नाव मरस्तवर इसरायची न्हाई."

आधी कौसल्याबाई हसल्या, मग सात नंबर, मग नऊ नंबर, मग सगळा वॉर्ड. मोठे डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि बाराव्या खाटेजवळ जाऊन हात जोडले. "आजी, तुमचं नाव काय?" आपल्या पेशंटला त्यांनी असे विचारलेले त्या वॉर्डात कुणी ऐकले नव्हते. काही वेळाने ते मेट्रनला म्हणाले, "काही दिवस हिने एकटीने इंजेक्शन द्यायचे नाही. तुम्ही स्वतः शिकवा. आणि ही नंबरची पद्धत आजपासून बंद. काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी पाळीन." दाराशी काठी टेकून उभ्या असलेल्या थोरल्या बाई एवढे ऐकून आपल्या गवती चहाकडे चालू लागल्या.

मेट्रनने नवी रीत घातली. प्रत्येकीच्या मनगटाला नावाची पट्टी बांधायची आणि औषध देण्याआधी तिच्याच तोंडून पूर्ण नाव वदवून घ्यायचे. 'तुम्ही अंजिराबाईच ना?' असे विचारायचे नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. पण त्यात एक गंमत झाली. पूर्ण नाव म्हणजे नवऱ्याचे नाव आले आणि जुन्या वळणाच्या बायका ते सरळ कुठल्या घ्यायला? पहिल्याच दुपारी अंजिराबाई लाजल्या, पदर सावरला आणि लेकीसमोर ठसक्यात म्हणाल्या,

"सुई टोचायच्या आदी इचारा माजं नाव,
बापूरावांची अंजिरा मी, निमगाव माजं गाव!"

मग काय विचारता! शेजारणीही मागे राहीनात. औषधाची वेळ झाली की त्या वॉर्डात उखाण्यांची चढाओढ लागे. एरवी गोळी म्हटले की तोंड फिरवणाऱ्या म्हाताऱ्या आपली पाळी कधी येते याची वाट बघू लागल्या. इतर वॉर्डांनीही ती रीत उचलली. आणि विशेष म्हणजे परिचारिका आपल्या हातून झालेल्या चुका आता मेट्रनच्या खोलीत येऊन सांगू लागल्या; होता होता राहिलेल्याही सांगू लागल्या. कारण तिथे सांगणारीच्या शेजारी कुणीतरी उभे राहते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पुढे थोरल्या बाई आजारी पडल्या आणि त्याच वॉर्डात, त्याच खिडकीशी दाखल झाल्या. त्यांचे औषध घेऊन तीच मुलगी आली. आता तिच्या हाताखाली नव्या मुली शिकत होत्या. साऱ्या रुग्णालयाला थोरल्या बाई माहीत. त्यांना ओळखत नाही असा एक माणूस तिथे नव्हता. तरी ती मुलगी खाटेशी थांबली, स्टुलावर बसली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मागे उभ्या असलेल्या नव्या मुली खुसखुसल्या. थोरल्या बाईंना नाव विचारते ही! दाराशी आलेली मेट्रन मात्र हसली नाही, कारण तिच्या ध्यानात आले की इतक्या वर्षांत आपणही ते कधी विचारले नाही. थोरल्या बाईंनी त्या मुलीकडे पाहिले. आपण लावलेल्या झाडाचे फळ कुणी हातात आणून द्यावे, तसा त्यांचा चेहरा उजळला. त्या उशीला टेकून ताठ बसल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"एस्तेर शमुवेल वाघचौरे."

मुलीने मनगटावरची पट्टी वाचली, मान डोलावली आणि गोळी त्यांच्या हातावर ठेवली. पाण्याचा पेला तिने आधीच भरून ठेवला होता.

ज्यांच्या हाती माणसे सोपवलेली आहेत, त्यांनी आपल्या खुर्चीतून उठून कधीतरी त्या खाटेवर पडून पाहावे.